काठोकाठ पियाली

जिपाराविषयी सांगायचं तर आधी माझ्या तोंडाविषयी सांगावं लागेल, कारण तिच्या दुखण्यातलं निम्मं दुखणं तिथूनच आलं. चौतीस वर्षं मी आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाकीण होते. दोनशे पोरं एका हाकेत ताटावर बसवायचे. निवृत्त झाले तेव्हा हाक तेवढीच राहिली आणि ऐकणारी माणसं उरली दोन: माझा मुलगा कुबात आणि त्याची बायको जिपारा. माझं नाव आसिलकान; आसिलकान अंगणात बोलली की तलास नदीच्या पलीकडे ऐकू जातं, असं लोक म्हणायचे आणि मी खूश व्हायचे.

जिपारा घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. उंच, शेलाटी, विचारलं तेवढंच बोलणारी. आमच्या शेतात राजमा होतो. सबंध हिवाळा बायका गोणी ओतून निवडायला बसतात, पांढरा एकीकडे, ठिपक्यांचा एकीकडे, फुटका तिसरीकडे. पहिल्या हिवाळ्यात जिपाराने चार बायकांचं काम एकटीने उरकलं. मी गावभर सांगत सुटले, सून नाही आणली, यंत्र आणलंय! दुसऱ्या हिवाळ्यात यंत्र बिघडलं. दाणे तिच्या बोटांतून निसटायला लागले. सकाळी ती माझ्या आधी तासभर उठायची, पाणी तापवायची आणि त्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसायची.

"सरपण काय आभाळातून पडतं का गं?" मी अंथरुणातूनच ओरडले. "हात धुवायला गरम पाणी लागतं राणीसाहेबांना?"

"नाही अपा," ती म्हणाली, अपा म्हणजे आई, आणि पाणी ओतून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती समोवर, म्हणजे चहाचा पितळी बंब, पेटवून त्याच्या अंगाला तळहात लावून बसायला लागली. तेही मी पाहिलं. मला वाटलं, बसल्या बसल्या डुलक्या काढतेय.

त्या मे महिन्यात माझे मोठे दीर आमच्याकडे आले. त्यांचं नाव मी आजही घेत नाही, थोरले म्हणते. नवरा गेल्यावर या घराला आधार त्यांचाच. जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं, कणकेचे टपोरे बोरसोक तळले, मेंढा कापून मांस शिजत ठेवलं. समोवरापाशी जिपारा बसली. पाहुण्याला बिनकानाच्या पियालीत चहा द्यायचा तो दोन घोट. संपला की परत दोन घोट. पाहुणा बसेल तितका वेळ सुनेचा हात चालत राहतो, त्यातच मान असतो. काठोकाठ भरलेली पियाली दिली तर तिचा अर्थ एकच, प्या आणि निघा. हे आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आधी कळतं.

जिपाराने थोरल्यांना पहिल्या दोन पियाल्या नीट दिल्या. तिसरी काठोकाठ भरली.

थोरले पियालीकडे बघत राहिले. मग एक थेंब न सांडता सगळा चहा प्यायले, पियाली पालथी घातली आणि टोपी उचलली. "घरात नवी माणसं आली की जुनी जड होतात," एवढंच म्हणाले. मांस भांड्यात तसंच राहिलं. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्या दारातून उपाशी गेला नव्हता.

"माझं नाक कापलंस!" मी तिच्या अंगावर धावून गेले. "हात मोडले होते का तुझे?"

ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. मी मात्र बघितलं नाही. बघितलं असतं तर मनगटं सुजलेली दिसली असती. किटली वीस वेळा उचलायला लागू नये म्हणून तिने एकदाच भरून दिलं होतं. हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

जूनमध्ये कुबात तिला घेऊन राजधानीला, बिश्केकला गेला. मला सांगितलं, मेव्हणीच्या बाळाला बघायला जातोय. खरं तर त्याने तिला सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. आमवात निघाला. माझ्या लेखी सांधे धरणं म्हणजे माझ्यासारख्यांचा आजार. गुडघ्याला बिज्जूची चरबी चोळायची आणि दोन दिवस कुरकुर करायची. तेविसाव्या वर्षी कोणाच्या बोटांचे सांधे आतून झिजतात, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. म्हणून तर कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. एक आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. दुसरी रोजची, हार्मोनची. ती एकदम बंद करायची नाही, आणि शुक्रवारची चालू आहे तोवर मूल होऊ द्यायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. दोघांनी घरी येऊन गोळ्या गोधड्यांच्या थप्पीत लपवल्या. दुखणं कळलं तर मी तिला माहेरी धाडीन, अशी तिला खात्री होती. माझ्या पोटच्या पोरालाही होती. ट्रकवर राजमा लादून तुर्कस्तानापर्यंत जातो, सरहद्दीवरच्या शिपायांशी वाद घालतो, पण आईपुढे त्याची दातखीळ बसते.

गोळ्यांनी तिचे हात उघडले. महिन्याभरात ती पुन्हा कणीक मळायला लागली. भूकही अशी लागली की माझ्या डोळ्यांदेखत पाव संपायचा. ऑगस्ट संपता संपता तिचा चेहरा भरला, गोल झाला, गालांवर लाली आली. मी तो चेहरा बघितला आणि माझ्या मनात जे आलं ते कुठल्याही सासूच्या मनात आलं असतं. पण दुसरी सासू निदान विचारते. मी विचारलं नाही, ठरवलं.

"जिपारा, ऊठ तिथून. ही उशी घे पाठीला."

"कशाला अपा?"

"कशाला म्हणे! मला काय डोळे नाहीत?"

दोन वर्षांत मी तिच्या पाठीला पहिल्यांदा उशी लावली होती. ती उशीला टेकली, माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्याला मी लाजणं समजले. आज मला कळतं, तिला ती उशी थोडा वेळ हवी होती.

त्याच दुपारी मी सुयुंचू मागायला बाहेर पडले. चांगली बातमी पहिल्यांदा जो नेतो त्याला ऐकणाऱ्याने काहीतरी द्यायचं असतं, रिकामं पाठवायचं नसतं. नणंदेने डोक्याचा रेशमी रुमाल काढून दिला. शेजारच्या बुरुलने कोंबडी दिली. शाळेतल्या बायांनी चॉकलेटचा डबा दिला. थोरल्यांनी तर मे महिन्याचा राग गिळला आणि एक करडू दावं सोडून माझ्या हातात दिलं. सगळ्यांत शेवटी कुबातला फोन लावला.

"सुयुंचू दे रे! बाप होणार आहेस!"

पलीकडे नुसता ट्रकचा आवाज. मग म्हणाला, "अपा... खरंच?"

"नाही, खोटं! आईला वेड लागलंय!"

त्याने नंतर जिपाराला फोन केला. ती म्हणाली, तसं काही नाहीये. तो म्हणाला, "मी आल्यावर बोलतो अपांशी. तोवर गप्प राहा." यायला त्याला अजून तीन आठवडे होते.

दोन दिवसांनी हवा गार झाली म्हणून मी तिच्यासाठी जाड गोधडी काढायला गेले. थप्पीतून दोन डब्या खाली पडल्या. मी नाव वाचलं, गोळ्या मोजल्या, निम्म्या संपलेल्या. डोक्यात तिडीक गेली. पोटात बाळ आणि ही बया गोळ्या चघळतेय! तिच्यासमोरच मी दोन्ही डब्या चुलीत टाकल्या.

"अपा, नको, त्या..."

"त्या काय?"

"काही नाही."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उलटी झाली. दुसऱ्या दिवशी दोनदा झाली. आणि मी, लाज वाटते लिहायला, मी आनंदाने टाळी वाजवली. बुरुलला कुंपणावरून ओरडून सांगितलं, लागलं हो लागलं, ओकाऱ्या लागल्या! जिपाराला वाळवलेल्या दह्याचं खारट कुरुत आणून दिलं. ती पांढरी पडली होती, उभी राहिली की भिंत धरायची. बोटं पुन्हा वाकडी व्हायला लागली होती, पियाली दोन्ही तळहातांत धरून प्यायची.

"अपा, तालुक्याला डॉक्टरांकडे जाऊन येऊ का?" तिने विचारलं.

"आता गाडीचे धक्के खायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "मग बुरुलला औषधाच्या दुकानात पाठवलं तर?"

"औषधं नकोत म्हटलं ना! मी कुबातच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत शाळेची कढई उचलत होते."

तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. मूग गिळून बसली, असं मी शेजारणीला म्हटलं.

चौथ्या दिवशी मी जेवण ठेवलं होतं. थोरले, त्यांची बायको आणि जिपाराची आई, आमच्या विहीणबाई तुर्दुबूबू, एवढीच माणसं. मला थोरल्यांना दाखवायचं होतं की त्या दिवशीची चूक ही सून कशी धुऊन काढते. विहीणबाईंनी मुलीला दारातच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही बरी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण आहे, विहीणबाई," मी म्हणाले आणि जिपाराला समोवरापाशी बसवलं. मीच बसवलं, खांद्याला धरून.

तिने थोरल्यांची पियाली घेतली आणि किटली उचलली. दोन घोट ओतले, बरोबर दोन. पियाली पुढे केली. थोरले हसले, म्हणाले, "खूप जग पोरी." मग किटली तिच्या हातातून सुटली आणि ती एका कुशीवर घसरत गेली. ना आवाज, ना काही. चहा दस्तरखानभर पसरला.

थोरल्यांच्या गाडीतून आम्ही तिला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. रक्तदाब लागत नव्हता. तिथली तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं, "कुठली औषधं चालू होती हिला? काही बंद केलं का अलीकडे?"

मी शाळेच्या कोठीत चौतीस वर्षं पोत्यांवरची आणि डब्यांवरची नावं वाचली आहेत. एकदा वाचलेलं मी विसरत नाही. त्या डबीवरचं नाव, खालचा आकडा, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. माझ्या एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. नणंदेचा रेशमी रुमाल माझ्या डोक्यावर.

"कसली औषधं?" मी म्हणाले. "गर्भार आहे ती."

डॉक्टरीण आत पळाली. पोटातलं तपासायला बाई बोलावली, यंत्र आणलं, लघवी तपासली. पाऊण तास गेला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, म्हणून सांगते, पाऊण तास. त्या सगळ्या वेळात मला फक्त तोंड उघडायचं होतं. जन्मभर जे कोणाला मिटवता आलं नाही ते तोंड.

डॉक्टरीण परत आली. "गर्भ नाही. कधीच नव्हता," ती म्हणाली. "मग हिला झालंय काय? कोणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. नंतर सांगून उपयोग नाही."

तुर्दुबूबू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातात जिपाराचे बूट होते. एक बूट त्यांनी छातीशी धरला होता.

"मी जाळल्या," मी म्हणाले.

"काय?"

"गोळ्या. प्रेडनिझोलोन. पाच मिलिग्रॅम. दुसरीही होती, पिवळी, आठवड्यातून एक. मी चार दिवसांपूर्वी चुलीत घातल्या." आणि मग, कारण आता थांबवत नव्हतं, "ती नको म्हणाली होती. डॉक्टरांकडे जाऊ का, औषध आणवू का, असं दोनदा विचारलंही. मी नाही म्हटलं."

डॉक्टरीण शेवटचं वाक्य ऐकायला थांबलीच नाही. सुई टोचली, सलाईन लावलं. बाहेर बाकावर मी एकटीच राहिले, कारण थोरले उठून खिडकीपाशी गेले आणि विहीणबाई आत गेल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. तसं काही होत नाही. बाक टणक असतो आणि बसून राहावं लागतं.

संध्याकाळी जिपाराने डोळे उघडले. डॉक्टरिणीने मला आत बोलावलं आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजवलं. रोजची गोळी शरीराचं एक काम स्वतः करायला लागते, मग शरीर ते काम सोडून देतं. गोळी अचानक काढली की दोन्हीकडून काही नाही. कमी करायची तर ती पायरी पायरीने आणि डॉक्टरांना विचारूनच. चेहरा गोल होतो, भूक वाढते, ते या गोळीचंच. मी मान खाली घालून ऐकत होते. मग जिपाराने हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. एवढे प्रश्न तिच्यात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

"चेहरा असाच राहील का?"

"गोळी कमी होत जाईल तसा उतरेल."

"हाडं ठिसूळ होतात म्हणतात. आणि शुक्रवारच्या गोळीने दुसऱ्या दिवशी मळमळतं, केस पण जातात थोडे. ती सोडली तर चालेल?"

"मनाने सोडायची नाही. तीच तुझे सांधे वाचवतेय. रक्त तपासत राहायचं, मळमळीवर उपाय आहे."

"आणि मूल?"

"होईल. आधी ती गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवायची, काही महिने जाऊ द्यायचे. त्यासाठी वेगळी औषधं असतात. ठरवून करायचं, एवढंच."

जिपाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "डॉक्टर, चेहरा न सुजवणारं काही नाही का? म्हणजे... घरात कळणार नाही असं?"

मी खोलीत उभी होते. माझ्यासमोर विचारलं तिने. इतकी दमली होती की माझी भीती लपवायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सुयुंचू परत करायला निघाले. नणंदेला रुमाल दिला, ती घेईना. "सुयुंचू कुठे परत करतात का, वेडी का तू?" बुरुलची कोंबडी आम्ही खाल्ली होती, माझी दिली. प्रत्येक दारात मी एकच वाक्य म्हणाले: "मूल नाही. तिला आमवात आहे. मी तिचं औषध जाळलं." पहिल्या दारात इतक्या हळू म्हणाले की दोनदा म्हणावं लागलं. थोरल्यांच्या दारात करडू घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या दिवशी पियाली...?"

"मनगटं दुखत होती तिची. काल शुद्धीवर आल्यावर तिने आईला सांगितलं, आईने मला."

ते बराच वेळ करडाच्या कानाला खाजवत राहिले. "आणि मी मांस टाकून गेलो," म्हणाले. करडू मात्र घेतलं नाही.

बातमी कळताच कुबात लवकर परतला, माझ्याशी चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी बोलला. जिपारा अकराव्या दिवशी घरी आली. आपल्या आईकडे जाईल असं मला वाटलं होतं, विहीणबाईंनीही तेच सांगितलं होतं. ती इकडे का आली हे मी विचारलं नाही. आता विचारायची माझी पाळी नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. पाणी तापवून तसराळ्यात ओतलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. समोवर पेटवला. ती हात शेकून आली तेव्हा दस्तरखानावर गोळ्यांच्या डब्या मांडून ठेवल्या होत्या, साखरेच्या वाटीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. समोवरापाशी मी बसले होते.

"अपा, मी ओतते."

"बस तू."

मी तिच्यासाठी चहा ओतला. दूध घातलं, साय घातली. तिला पुन्हा पुन्हा मागायला लागू नये, हात पुन्हा पुन्हा लांबवायला लागू नये, म्हणून ओतत राहिले. पियाली काठोकाठ भरली आणि मी ती तिच्यापुढे ठेवली.

जिपारा त्या पियालीकडे बघत राहिली. चेहरा अजून गोलच होता, पण त्यावरचा रंग गेला. तिने हात लावला नाही.

"अपा," ती म्हणाली, "कुबात उठेपर्यंत थांबू, की आत्ताच सामान भरू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चौतीस वर्षं मी दोनशे पोरांना वाढलं, माझ्या हातातला घास म्हणजे निरोप, असं एकालाही वाटलं नव्हतं. मी म्हणायला गेले, अगं, माझ्या मनात तसं नव्हतं. पण तिच्याही मनात तसं नव्हतं, मे महिन्यात, आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं.

मी पियाली उचलली. इतकी भरलेली होती की चहा दस्तरखानावर सांडला. अर्धा चहा मी प्यायले. उरलेले दोन घोट तिच्यापुढे ठेवले.

तिने पियाली दोन्ही तळहातांत धरली आणि प्यायली. मग माझ्याकडे न बघता पुढे केली, अजून थोडा म्हणून. त्या सकाळी मी तिला चौदा वेळा चहा ओतला, आणि चौदाही वेळा पियाली घेण्याआधी तिने त्यात डोकावून बघितलं.